अर्धा सेकंद

(द्वितीय वर्ष, कला)

मराठीच्या सरांनी वर्गात येऊन नेहमीप्रमाणे आवाहन केले, "या वर्षीच्या मॅगझिनसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहून आणायचे. पावसावर आणि आईवर मात्र नको. त्यांचे गठ्ठे कपाटात पडून आहेत." वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाताना एसटीच्या खिडकीशी बसले, तेव्हा लक्षात आले की पावसाखेरीज आणि आईखेरीज आपल्याला नीट ठाऊक असलेले असे फारसे काही नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. ज्यावर लिहावे असा समुद्र मी पाहिलेला नाही, आणि ज्यावर विनोद करावा असा प्रवासही केलेला नाही.

त्या रात्री आई दुसऱ्या शिफ्टवरून आली. जेवता जेवता मी म्हटले, "आई, मॅगझिनला लेख द्यायचाय. काय लिहू?"

आईचा घास हातात राहिला. "मॅगझिनला? मॅगझिन तर आमच्याकडं असतंय. त्यात बोर्ड ठेवतेत. तुमच्या कॉलेजात कशाला?"

मला हसू आले आणि विषयही मिळाला. सर, हा लेख आईवर नाही. तो एका यंत्रावर आहे. त्यात आई आली तर माझा इलाज नाही.

आईच्या कारखान्यातले मॅगझिन म्हणजे एक उभी मांडणी. दोन्ही बाजूंना समोरासमोर खाचा, आणि प्रत्येक खाचेत एक सर्किट बोर्ड आडवा सरकवायचा. एका मॅगझिनमध्ये पन्नास बोर्ड मावतात. आमच्या गावापासून अकरा किलोमीटरवर एमआयडीसी आहे. तिथल्या एका कारखान्यात मोटारसायकलच्या मीटरमागे बसणारे बोर्ड तयार होतात. आई तिथे ठेकेदाराकडून सात वर्षे कामाला आहे, आणि माझी धाकटी काकू, म्हणजे आईची जाऊ, पाच वर्षे होती. 'होती' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. त्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम वर्षाची परीक्षा संपल्यावर मीही तिथे दोन महिने काम केले. कॉलेजची फी आणि एसटीचा पास यांची सोय करायची होती. काम अगदी साधे. भरलेले मॅगझिन ढकलगाडीवर घालून तपासणीच्या टेबलापर्यंत न्यायचे आणि रिकामे परत आणायचे.

पहिल्या दिवशी दारातच अडवले. बांगड्या काढा. काचेच्या, धातूच्या, कसल्याच चालत नाहीत. त्या बोर्डावर घासतात, यंत्रात अडकतात. बांगड्यांच्या जागी मनगटाला एक पट्टा बांधतात. त्याची वायर टेबलाला आणि तिथून जमिनीला जोडलेली असते. आपण चालतो, कपडे अंगाला घासतात, त्याने शरीरावर वीज साठते. ती सुमारे तीन हजार व्होल्टपर्यंत चढली तरच आपल्याला बोटाला चटका जाणवतो. पण बोर्डावरची काही नाजूक चिप शंभर व्होल्टच्या आतच मरते. म्हणजे आपल्याला काही कळायच्या आत आपल्या बोटाने तिचा जीव घेतलेला असतो! पट्ट्यातून ही वीज हळूहळू जमिनीत जाते. पट्ट्यात दहा लाख ओहमचा रोध घातलेला असतो. चुकून हात जिवंत तारेला लागला तर माणसाला मोठा धक्का बसू नये म्हणून.

आई आणि काकू दारापाशी एका पत्र्याच्या डब्यात बांगड्या ठेवीत आणि सुटताना घालीत. दोघींचा डबा एकच. माझी आजी, आईची आई, बाजारादिवशी बांगड्या भरायला बसायची. आईचे बालपण त्या पालाखाली गेले. तिच्या लेकीला रोज उठून बांगड्या काढून कामाला जावे लागेल, असे आजीच्या स्वप्नातही आले नसेल.

आता तो बोर्ड कसा तयार होतो ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. बोर्डाची पाटी काचेच्या धाग्यांचे कापड आणि राळ यांची असते, जाडी साधारण दीड मिलिमीटर. तीवर तांब्याचे रस्ते असतात. पहिले यंत्र तिच्यावर डाखाचा लगदा ठिपक्याठिपक्यांनी छापते, रांगोळीच्या छाप्यासारखा. दुसरे यंत्र त्या ठिपक्यांवर तीळ आणि तांदळाएवढे सुटे भाग ठेवते, इतक्या वेगाने की डोळ्यांना नुसती थरथर दिसते. मग बोर्ड सरकत्या पट्ट्यावरून लांबलचक भट्टीत जातो. पूर्वीच्या डाखात शिसे असे. २००६ साली युरोपने त्यावर बंधन आणले, आणि आता बहुतेक ठिकाणी कथील, चांदी आणि तांबे यांचा डाख वापरतात. तो २१७ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून भट्टी त्याच्याही वर, २४५ अंशांपर्यंत तापवतात. भट्टीतून बोर्ड बाहेर येतो तेव्हा सगळे भाग आपापल्या जागी घट्ट झालेले असतात.

इथपर्यंत माणसाचा हात लागत नाही. हात लागतो तो तपासणीच्या टेबलावर.

तपासणीचे यंत्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला भीष्माचार्यांची आठवण झाली. एका चौकटीत तीनशेच्या आसपास टाचण्या वर टोके करून उभ्या. प्रत्येकीखाली स्प्रिंग. बोर्ड या शरशय्येवर ठेवायचा. चौकटीला दोन जाड खुंट्या असतात, त्या बोर्डाच्या दोन भोकांत बसल्या पाहिजेत. मग वरून झाकण येऊन बोर्ड खाली दाबते आणि टाचण्यांमधून वीज सोडून यंत्र प्रत्येक भाग तपासते. एक टाचणी दाबायला दोनशे ग्रॅमचा जोर लागतो, म्हणजे सगळ्या मिळून साठ किलो झाले. बोर्ड तिरपा बसला आणि झाकण आले, तर काय होईल ते सांगायला नको.

या टेबलाला दोन बायका. आई मॅगझिनमधून बोर्ड काढून चौकटीत बसवायची. काकू तपासून झालेला बोर्ड उचलायची आणि हिरवा दिवा लागला तर डावीकडच्या मॅगझिनमध्ये, तांबडा लागला तर उजवीकडच्या लाल खोक्यात ठेवायची. एका बोर्डाला अर्धा मिनिट. शिफ्टला नऊशे बोर्ड. दोघींच्या हजेरीच्या कार्डावर एकच शब्द होता, 'हेल्पर'. पगाराच्या यादीत त्याचा अर्थ 'अकुशल'.

आई चहाला गेली की ती मला टेबलाशी उभी करायची. पहिल्याच दिवशी मी एका कोपऱ्याला धरून बोर्ड उचलला, वही उचलावी तसा. आई तिथून धावत आली आणि सगळ्यांदेखत माझ्या हातावर चापट मारली.

"दोन्ही कडांनी धर. कोपऱ्याला धरून लोंबकळवू नको. वाकतोय त्यो."

"काय झालं पण? तुटला का?"

"तुटला असता तर बरं झालं असतं."

हे शेवटचे वाक्य मला तेव्हा उर्मट वाटले. पुढे इंजिनिअर सरांनी समजावले. बोर्ड किंचित जरी वाकला, तरी त्यावरच्या चिनीमातीसारख्या बारीक कपॅसिटरना आतून चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही. बोर्ड तपासणीतही पुष्कळदा पास होतो. मग तो मीटरमध्ये बसतो, मोटारसायकल रस्त्यावर येते, उन्हापावसात चीर वाढत जाते आणि काही महिन्यांनी मीटर बंद पडते. म्हणून आई म्हणाली, तुटला असता तर बरे. तुटलेला निदान दिसतो.

दुसरी गोष्ट बसवण्याची. खुंट्यांवर भोके नेमकी आणायची म्हणून मी डोळे ताणून, बोटे आवळून बोर्ड दाबायची. तो हमखास एका बाजूला अडकायचा. आई म्हणाली, "हात सैल सोड. बांगड्या भरताना आजी काय सांगायची? हात सैल सोडला तर बांगडी आपसूक जातीय. आवळला की फुटतीय."

तिने माझा हात धरून दाखवले. बोर्ड डावीकडच्या खुंटीवर टेकवायचा, मग हातातला जोर काढून घ्यायचा आणि किंचित हलवायचे. बोर्ड आपली जागा आपण शोधतो आणि 'टक्' असा आवाज येतो. मी दहा दिवसांत हे शिकले. वेग मात्र आईच्या निम्माही आला नाही.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एक मोठे लाकडी खोके आले. त्यातून निघाला एक हात. नुसता हात! खांदा, कोपर, मनगट, असे सहा सांधे, आणि टोकाला दोन बोटांचा चिमटा. आमच्याकडे नवीन यंत्र आले की नारळ फुटतो. तसा त्याच्याही पुढे फुटला. यंत्राला हार घातला. सुपरवायझर म्हणाले, "मावशी, तुम्ही कुंकू लावा. तुमच्याच टेबलावर बसणार आहे हा." आईने त्या धातूच्या मनगटाला कुंकू लावले. काकूने पेढे वाटले. पेढे वाटताना ती हसत होती हे मला अजून आठवते.

हा यंत्रमानव माणसांच्या शेजारी काम करणाऱ्या जातीचा होता. त्याला पिंजरा लागत नाही. कुणाला धक्का लागला की तो जागच्या जागी थांबतो. त्याचे काम आई आणि काकू करीत तेच. मॅगझिनमधून बोर्ड काढणे, चौकटीत ठेवणे, यंत्राचा इशारा येईपर्यंत थांबणे, बोर्ड उचलणे आणि पास किंवा फेलप्रमाणे ठेवणे. इंजिनिअर सर पुण्याहून आले होते, माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे असतील. त्यांनी हातात पाटीसारखा एक पडदा घेऊन प्रत्येक जागेचे आकडे भरले आणि सांगितले, "दोन दिवसांत चालू होईल."

आठ दिवस झाले तरी तो नीट चालू होईना.

रिकाम्या हाताने तो सुरेख हलायचा, कथकलीतल्या नर्तकासारखा. पण बोर्ड आला की घोटाळा. कारण भट्टीतून आलेला बोर्ड अगदी सपाट नसतो. भाजलेला पापड कडेला जरा उचलतो, तसा तो केसभर उचललेला असतो आणि प्रत्येकाचे उचलणे वेगळे. यंत्र दर वेळी अचूक त्याच जागी जायचे आणि बोर्डाचे भोक मात्र केसभर बाजूला असायचे. बोर्ड अडकायचा. यंत्र दाबायचे. मग जोर जास्त झाला म्हणून थांबायचे आणि तांबडा दिवा लावून बसायचे. सर घामाघूम व्हायचे.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुटीत आई त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "सर, त्याला जरा हात सैल सोडायला सांगा की."

सर आधी हसले. मग हसायचे थांबले. "मावशी, तुम्ही कसं करता ते परत एकदा दाखवा. सावकाश."

आईने दाखवले. त्यांनी मोबाइलवर त्याचे चित्रण केले, दहा-बारा वेळा पाहिले. मग त्यांनी यंत्राचे एक बटण दाबून धरले. त्या अवस्थेत यंत्राचा हात मोकळा होतो, आपण धरून नेऊ तसा वळतो. "मावशी, आता तुम्हीच त्याचा हात धरा आणि न्या."

आईने पदर खोचला, त्या हाताचे मनगट दोन्ही हातांनी धरले आणि बोर्ड डाव्या खुंटीवर टेकवला. मी रिकामे मॅगझिन घेऊन उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर दुसरेच चित्र आले. मी चौथीत असताना आईला सही शिकवली होती. तिचा हात धरून पाटीवर तिचे नाव गिरवून घेतले होते. तीच आई आज एका यंत्राचा हात धरून गिरवून घेत होती.

पुढचे सरांनी केले. जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की यंत्राने दाबायचे नाही, जोर काढायचा, बारीक गोल गोल हलायचे आणि भोक सापडले की खाली जायचे. त्या दुपारी यंत्राने पहिला बोर्ड 'टक्' करून बसवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही.

उचलण्याचे मात्र अजून जमत नव्हते. तपासणी संपून झाकण वर गेले की यंत्र त्याच क्षणी बोर्ड धरायचे आणि पाच-सहा बोर्डांमागे एक चिमट्यातून निसटायचा. आई म्हणाली, "झाकण उठलं की लगेच झडप घालू नका. खालच्या टाचण्या त्याला वर ढकलत असतेत. जरा श्वास घेऊ द्या त्याला. मग धरा." सरांनी तिथे अर्ध्या सेकंदाचा थांबा घातला. झाकण उघडल्यावर अर्धा सेकंद थांबायचे, मग धरायचे. बोर्ड निसटायचे बंद झाले.

कॉलेज सुरू झाल्यावर मी यंत्रमानवांविषयी ग्रंथालयात मिळेल ते वाचले. कला शाखेच्या विद्यार्थिनीने अशी पुस्तके मागितल्यावर ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिले. पण मला कळले की 'रोबो' हा मूळ आमच्याच शाखेचा! कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकात हा शब्द पहिल्यांदा आला. तो त्याला त्याच्या भावाने, योसेफने सुचवला होता. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ, जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करायची मजुरी. त्या नाटकाचा प्रयोग १९२१ साली प्राग शहरात झाला. नाटकातले रोबो शेवटी बंड करतात. आमच्या टेबलावरचा बंड करील असे वाटत नाही. पण वेठ हा शब्द माझ्या मनात राहिला. आमच्या पणजोबांनी वेठीला जाऊन काम केल्याच्या गोष्टी घरात अजून सांगतात.

पुढे १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक यंत्रमानव कामाला लागला. त्याचे नाव युनिमेट. कल्पना जॉर्ज डेव्होल यांची, आणि जोसेफ एंगेलबर्गर यांनी ती कारखान्यापर्यंत नेली. त्याचे काम काय होते? साच्यातून निघालेले तापलेले धातूचे तुकडे उचलून बाहेर काढणे. म्हणजे काकूचेच काम! जगातल्या पहिल्या यंत्रमानवाला माणसाने दिलेले पहिले काम उचलून ठेवण्याचे होते. जिथे माणसाचा हात भाजतो तिथे यंत्राचा हात घातला. हे वाचून मला बरे वाटले. अशा कामाला कोण नाही म्हणेल?

आणखी एक गोष्ट वाचली आणि मी पुस्तक मिटून बसले. १९७८ साली जपानमधल्या यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो या प्राध्यापकांनी एका नव्या तऱ्हेच्या यंत्रमानवाचा नमुना तयार केला. त्याला 'स्कारा' म्हणतात. १९८१पासून तो कारखान्यांत विकला जाऊ लागला आणि बारीक भाग जुळवण्याच्या कामात त्याने मोठा फरक घडवला. त्याचे वैशिष्ट्य एकच. तो वरखाली ताठ असतो, पण आडव्या दिशेने किंचित सैल असतो. भोक केसभर बाजूला असले तर तो अडत नाही, थोडा सरकून बसतो. माकिनो सरांचे मोठेपण कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण 'हात सैल सोड' हे माझ्या आजीला बाजारातल्या पालाखाली ठाऊक होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र दोन्ही शिफ्टमध्ये चालू झाले. त्या टेबलावर दोन शिफ्टमध्ये मिळून चार बायका होत्या. ठेकेदाराच्या माणसाने शनिवारी सुटताना दोघींना बाजूला घेतले आणि सांगितले, "सोमवारपासून येऊ नका. लागेल तेव्हा बोलावू." त्या दोघींत काकू होती. आईला ठेवले, कारण यंत्र अडले तर काय करायचे ते तिला कळत होते. आता ती मॅगझिन भरते, बदलते, लाल खोके रिकामे करते आणि दिवा तांबडा झाला की पडद्यावरचे बटण दाबते. तिच्या कार्डावर अजून 'हेल्पर'च आहे.

त्या दिवशी परतताना जीपमध्ये दोघी शेजारी बसल्या होत्या. कुणी बोलले नाही. गाव आले तेव्हा काकूने डब्यातल्या आपल्या बांगड्या वेगळ्या काढल्या, हातात घातल्या आणि डबा आईच्या मांडीवर ठेवला. मग एवढेच म्हणाली, "आक्का, तूच शिकवलंस ना गं त्याला?"

आमची दोन घरे एकाच अंगणात आहेत. मध्ये एक तुळशीवृंदावन. त्या दिवसापासून काकू अंगणात आली की आई आत जायची, आणि आई आली की काकू. काकू आता दुसऱ्यांच्या रानात खुरपायला, कांदा काढायला जाते. रोज काम मिळतेच असे नाही. तिचा मुलगा बारावीला आहे. दोन्ही घरांची आजी एकच, माझ्या वडिलांची आई. तिला कुणाच्या चुलीवरचे खावे ते समजेना. कधी इकडे, कधी तिकडे, कधी उपाशीच निजली.

मी आईला एकदा म्हटले, "तू कशाला सांगायला गेलीस? आठ दिवस बंद होतं, बंदच राहिलं असतं."

आई म्हणाली, "त्यो पोरगा रडकुंडीला आला होता. आन् मला काय म्हाईत?" थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "सात वर्षांत कुणी मला इचारलं नव्हतं गं, मावशी, तुम्ही कसं करता म्हणून. पयल्यांदा इचारलं."

यावर मी काय बोलणार होते?

यंत्रे येऊच नयेत असे मी म्हणणार नाही. शिफ्टला नऊशे वेळा तोच हात उचलून आईचा उजवा खांदा इतका दुखायचा की रात्री तिला कुशीवर वळता येत नसे. तो आता कमी दुखतो. बोर्ड वाकून चीर जायचे प्रकारही घटले असतील, कारण यंत्र दमत नाही आणि शिफ्टच्या शेवटच्या तासाला त्याचा हात जड होत नाही. इंजिनिअर सरांचाही मला राग नाही. त्यांनी आपले काम केले, आणि विचारले तेही आदराने. पण हिशेबात काहीतरी चुकते आहे असे मला सारखे वाटते. जे काम कार्डावर 'अकुशल' होते, ते यंत्राला शिकवायला शिकलेल्या इंजिनिअरला आठ दिवस कमी पडले. मग ते अकुशल कसे? आणि ते कौशल्य असेल, तर यंत्राची किंमत मोजताना ते कुणाच्या खात्यावर मांडले? यंत्राचे पैसे कंपनीने दिले. त्यात बसवलेल्या प्रत्येक सुट्या भागाचे पैसे कुणाला तरी मिळाले. सैल सोडलेल्या हाताचे मात्र कुणालाच मिळाले नाहीत. एका बाईचे काम टिकले, आणि दुसरीचे गेले.

हे सगळे लिहून झाल्यावर मी आईला वाचून दाखवले. ती भाजी निवडत ऐकत होती. भीष्माचार्यांपाशी हसली, बांगड्यांपाशी गप्प झाली. संपल्यावर म्हणाली, "एक चुकलंय."

"काय?"

"बोर्डाला श्वास घेऊ द्या, ते माझं न्हाई. मी बसवायची, उचलायची ती. नवी होती तेव्हा तिचे लई बोर्ड उडायचे. मग तिनंच शोधून काढलं. मी तिचं बघून सांगितलं त्या पोराला." ती थांबली. "तिचं तिला इचारल्याबगर दिलं मी. जा, तिला वाचून दाखव. आन् तिचं नाव घालू का म्हणून इचार."

मी वही घेऊन अंगण ओलांडले. सात महिन्यांत त्या घरी मी दोनदाच गेले होते, तीही आजीला आणायला. काकू चुलीपुढे होती. हातभर हिरव्या बांगड्या. मला पाहून तिने पाट सरकवला. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. आई शेवटी जे म्हणाली तेही सांगितले.

बराच वेळ ती जाळ पुढे सारत राहिली. मग म्हणाली, "नाव नको घालू. ठेकेदारानं वाचलं तर पुन्हा कधी बोलवायचा न्हाई." आणि मी उठून दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाली, "पर ते अर्ध्या सेकंदाचं माझं हाय, तेवढं लिही."

म्हणून नाव घातलेले नाही. तेवढे लिहिले आहे.